मदरबोर्ड आणि रॅम : सुसंगती

रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची, पट्टी विशिष्ट मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य परिपथ-फलकावर) आणि त्यावरील प्रोसेसरबरोबर बिनचूक चालणे, याला रॅमची सुसंगती म्हणतात. पट्टी स्लॉटमध्ये बसणे, संगणक सुरू होणे आणि पट्टीवर छापलेला वेग प्रत्यक्ष मिळणे या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. पहिली साधली म्हणून पुढच्या दोन साधतातच असे नाही आणि खरेदीतल्या बहुतेक चुका या तिन्ही एकच मानल्यामुळे होतात.

काढघाल करता येणारी मेमरीची पट्टी वँग लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीत १९८३ च्या सुमारास आकाराला आली, असे सामान्यतः मानले जाते. घड्याळाच्या ठोक्याबरोबर चालणाऱ्या मेमरीचा, म्हणजे एसडीरॅमचा, उगम मात्र वादग्रस्त आहे. सॅमसंगची १६ मेगाबिटची चिप ही तिचे पहिले व्यापारी रूप. तिच्यासाठी काही संदर्भांत १९९२, तर काहींत १९९३ हे वर्ष आढळते. पहिले वर्ष निर्मितीचे आणि दुसरे मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे धरल्यास ही विसंगती राहत नाही. त्याच काळात जेडेक या मानकसंस्थेने एसडीरॅमचे मानक स्वीकारले. या मानकांतील काही कल्पना मूळच्या आपल्याच, असा दावा १९९२ ते १९९६ या काळात जेडेकची सदस्य असलेल्या रँबस या कंपनीने पुढे केला आणि त्यातून दीर्घ खटले उभे राहिले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ मध्ये रँबसच्या विरोधात निर्णय दिला. अपील न्यायालयाने तो २००८ मध्ये रद्द केला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायालयीन निकाल रँबसच्या बाजूचा असला, तरी आजची सुसंगती ज्यावर उभी आहे ती जेडेकच्या सदस्यांनी मिळून घडवलेली मानके होत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. खुद्द रँबसची आरडीरॅम ही मेमरी इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरच्या पहिल्या संगणकांत वापरली गेली. तिच्या रिकाम्या स्लॉटमध्ये परिपथ पूर्ण करणारी कोरी पट्टी घालावी लागे. ही मेमरी पुढे घरगुती संगणकांतून नाहीशी झाली.

एसडीरॅमच्या पुढच्या पिढ्यांपैकी डीडीआरचे मानक जेडेकने २००० मध्ये, डीडीआर२ चे २००३, डीडीआर३ चे २००७, डीडीआर४ चे २०१२ आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. व्होल्टेज या क्रमाने २.५, १.८, १.५, १.२ आणि १.१ असे उतरत गेले. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंच्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा निराळी असते; पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. लॅपटॉपच्या आखूड पट्टीला डीडीआर४ मध्ये २६० आणि डीडीआर५ मध्ये २६२ पिना असतात.

मेमरी नियंत्रक, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील देवाणघेवाण सांभाळणारा परिपथ, पूर्वी मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपांत) असे. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन व अ‍ॅथलॉन ६४ यांत, तर इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ मध्ये तो प्रोसेसरमध्ये नेला. तेव्हापासून कोणती पिढी आणि किती वेग चालेल हे मुख्यतः प्रोसेसर ठरवतो. मदरबोर्ड त्यातला एक पर्याय निवडून स्लॉट देतो. इंटेलच्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ व डीडीआर५ दोन्ही चालवतात, पण मदरबोर्ड सहसा एकाच प्रकारचा असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) डीडीआर४, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते.

पट्टीवरील लेबल वाचता येणे हा निवडीतला सर्वांत उपयोगी भाग होय. ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११’ या मजकुरात १आरएक्स८ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणारा चिपांचा गट) आणि आठ बिट रुंदीच्या चिपा. पीसी४-३२०० म्हणजे डीडीआर४, सेकंदाला ३,२०० दशलक्ष हस्तांतरणे. एए म्हणजे २२-२२-२२ हे टायमिंग (घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेला विलंब) आणि त्यापुढील यू म्हणजे साधी, बफर (मेमरीच्या चिपांकडे जाणारे संकेत सांभाळणारी मधली चिप) नसलेली पट्टी. यूच्या जागी आर असल्यास ती सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी असते. डीडीआर४ मधील अशी पट्टी साध्या मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये नीट बसते, परंतु संगणक सुरू होत नाही. जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त पट्ट्या घेणाऱ्यांनी हे अक्षर अवश्य पाहावे.

जाहिरातींत ३,२०० मेगाहर्ट्झ असे लिहितात. प्रत्यक्षात घड्याळ १,६०० मेगाहर्ट्झचे असून प्रत्येक ठोक्याला दोन हस्तांतरणे होतात. विलंबाचा (सीएल) ठोक्यांतला आकडाही वेगाशी ताडूनच पाहावा लागतो : ३,२०० वेगावर सीएल१६ आणि ६,००० वेगावर सीएल३० हे दोन्ही १० नॅनोसेकंदच भरतात. जेडेकच्या वेगांपलीकडचे आकडे इंटेलच्या एक्सएमपी किंवा एएमडीच्या एक्स्पो या प्रोफाइलमधून (वेग व टायमिंगच्या तयार नोंदींतून) येतात. पट्टीची माहिती साठवणाऱ्या एसपीडी चिपेत ती नोंदलेली असतात आणि बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) जाऊन चालू करावी लागतात. तो वेग मिळेलच असे गृहीत धरू नये; मदरबोर्ड उत्पादकाने तपासलेल्या पट्ट्यांची यादी, म्हणजे क्यूव्हीएल, पाहणे इष्ट.

दोन पट्ट्या एकाच संचातल्या घ्याव्यात. वेगवेगळ्या मिसळल्या तर सामान्यतः सर्वांत संथ पट्टीचा वेग लागू होतो आणि काही वेळा स्थैर्य जाते. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये घालतात. त्यामुळे दोन्ही चॅनेल (प्रोसेसर व रॅममधील माहितीचे मार्ग) वापरात येतात. चारही स्लॉट भरल्यास डीडीआर५ मध्ये वेग बराच घटतो : रायझन ७००० प्रोसेसरसाठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५,२००, तर चारांना ३,६०० हा वेग दिला आहे. म्हणून ३२ जीबी हवे असल्यास आठच्या चारांपेक्षा सोळाच्या दोन घेणे श्रेयस्कर. २४ व ४८ जीबीच्या पट्ट्यांसाठी जुन्या मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करावे लागू शकते. नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे कोरा राहतो; नियंत्रक तेव्हा टायमिंग जुळवत असतो आणि मध्येच वीज तोडू नये.

अनेक पातळ लॅपटॉपांत एलपीडीडीआर ही कमी वीज वापरणारी मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असल्याने निवडीचा प्रश्न खरेदीच्या वेळीच संपतो. ती बदलता यावी यासाठी जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे काढघाल करता येणाऱ्या मेमरीचे मानक प्रसिद्ध केले.