महापालिकेच्या सभेत आपला प्रश्न कसा पोहोचवायचा?

गावाकडे ग्रामसभेत कुणीही मतदार उठून सरपंचाला जाब विचारू शकतो. शहरात आलं की आपण समजतो, महापालिकेतही तसंच असणार. तसं नाही. सर्वसाधारण सभेत (पुण्यात मुख्य सभा म्हणतात, ठाण्यात महासभा) बोलण्याचा अधिकार नगरसेवकांचा. सभा लोकांना खुली असते, म्हणजे प्रेक्षक गॅलरीत बसून ऐकता येतं. पण तिथून ओरडलात तर पीठासीन अधिकारी (सहसा महापौर) बाहेर काढू शकतात. आम्ही सोसायटीतले पाच जण एकदा गेलो होतो. तीन तास बसलो आणि आमच्या नाल्याचा विषय यायच्या आधीच सभा तहकूब झाली. तेव्हा कळलं, इथे तोंड नगरसेवकाचं चालतं, आपल्या हातात फक्त कागद असतो. म्हणून तो नीट तयार करायचा.

पहिला रस्ता नगरसेवकाचा. २०२२ पासून बऱ्याच महापालिकांत नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासक पाहत होते, त्यामुळे हा रस्ता बंदच होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर तो पुन्हा उघडला. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात एकापेक्षा जास्त नगरसेवक असतात. पत्र सगळ्यांना द्या, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पत्रात ‘लक्ष घालावे’ एवढंच लिहून थांबू नका. सभेत लेखी प्रश्न विचारावा, अशी स्पष्ट मागणी करा आणि प्रश्न स्वतःच दोन ओळींत लिहून द्या. प्रश्न नगरसचिवांकडे (सभेचं कामकाज सांभाळणारे अधिकारी) सभेच्या पुरेसा आधी जावा लागतो, तेव्हा आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

दुसरा, प्रभाग समिती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये तिचं कामच सांगितलंय: पाणी, ड्रेनेज, साफसफाई, पावसाळी पाण्याचा निचरा यांविषयीच्या नागरिकांच्या तक्रारी लवकर सोडवणं. तिच्यात स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नेमता येतात. मात्र ते त्याच भागातले मतदार असावे लागतात. महासभेपेक्षा इथे नाल्याचा विषय लवकर निघतो, हा माझा अनुभव.

तिसरा रस्ता मात्र थेट तुमचा आहे: लोकशाही दिन. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्त स्वतः तक्रारी ऐकतात. सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. इथे तुम्ही समोर उभं राहून बोलता आणि संबंधित खात्याचे अधिकारी तिथेच हजर असतात. काही महापालिकांत आधी विभाग किंवा परिमंडळ पातळीवरच्या लोकशाही दिनाला जावं लागतं, मग आयुक्तांकडे.

अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत आणि किमान १५ दिवस आधी द्यायचा. इथेच निम्मे अर्ज अडकतात. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. ‘आमच्या भागातले सगळे रस्ते खराब आहेत’ हा अर्ज परत येण्याचीच शक्यता जास्त. ‘माझ्या घरासमोरच्या चेंबरमधून पावसाळ्यात मैला वर येतो, घरात शिरतो’ हे चालतं, आणि शेजाऱ्यांनी आपापला वेगळा अर्ज द्यावा. न्यायप्रविष्ट बाब, महसुली अपील, नोकरी-आस्थापनेचे विषय, माहिती अधिकारातले अर्ज आणि ज्यावर अंतिम उत्तर आधीच मिळालंय अशा तक्रारी घेत नाहीत. आयुक्तांकडे काम झालं नाही तर दोन महिन्यांनी विभागीय आयुक्तांच्या लोकशाही दिनाला जाता येतं (दुसरा सोमवार), आणि तिथूनही आणखी दोन महिन्यांनी मंत्रालयात.

सोबत काय जोडायचं? ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल सहसा चालतं. आधी ॲपवर, हेल्पलाइनवर किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक आणि पोचपावती. फोटो असतील तर तारखेसह, मागे ठिकाणाची खूण लिहून: कुठला चौक, कुठल्या नंबरचा दिव्याचा खांब. नगरसेवकाला द्यायच्या पत्रासाठी सह्यांची यादीही करा. नाव, पत्ता, सही असे रकाने हवेत. नुसत्या सह्यांच्या गठ्ठ्याला कुणी विचारत नाही. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तर थांबा.

सभेत तुमच्या प्रश्नाला काय उत्तर मिळालं हे कुणी सांगत नसेल, तर माहिती अधिकारात इतिवृत्ताची (सभेच्या कामकाजाची लेखी नोंद) प्रत मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, म्हणून रागलोभ बाजूला ठेवून फक्त सभेची तारीख आणि विषय लिहा.

एक राहिलंच: निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर लोकशाही दिन होत नाही. रजा टाकण्याआधी फोन करून विचारा.