पिशवी काढली की ओटीपोटाचं दुखणं जातं?

खानापूर-निपाणीकडे बायकांत पिढ्यान् पिढ्या ऐकू येतं: दोन-तीन बाळंतपणं झाली की ओटीपोट दुखायचंच, फार झालं तर पिशवी काढून टाकावी. हे खरं नाही.

पायावर निळ्या, फुगलेल्या शिरा दिसतात ना, तशाच ओटीपोटातही होतात. बीजकोशाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरांच्या झडपा सैल पडतात आणि रक्त उलटं उतरून साचतं. गरोदरपणात या शिरा खूप ताणतात, म्हणून लेकुरवाळ्यांना हा त्रास जास्त. दिवसभर चिखलात उभं राहून भाताची लावणी केली की संध्याकाळी ओटीपोट जड, खाली ओढल्यासारखं होतं. अंथरुणावर आडवं झालं की उतार पडतो. पाळीआधी आणि शरीरसंबंधानंतर ठणका वाढतो. ही खूण लक्षात ठेवा.

सोनोग्राफी झोपवून करतात, तेव्हा शिरांतला फुगवटा ओसरतो आणि रिपोर्ट बऱ्याचदा ‘नॉर्मल’ येतो. म्हणून बाईला खोटं पाडू नका! दुखणं 6 महिन्यांवर गेलं असेल तर डॉक्टरांना डॉपलरबद्दल (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) स्पष्ट विचारा. दोष शिरेतच निघाला तर बारीक नळी घालून तीच शीर आतून बंद करता येते, पोट फाडावं लागत नाही. पिशवी काढूनही काहीजणींचं दुखणं तसंच राहतं.