पाणी अजून हिवाळ्यातच असतं : सीझनच्या पहिल्या ट्रायथलॉनचं विज्ञान

थंड हवामानात सीझनची पहिली ट्रायथलॉन (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सलग) म्हणजे जरा विचित्रच प्रकार असतो, हवा वसंतातली आणि पाणी अजून हिवाळ्यातलं. बाहेर मस्त ऊन, 20 अंश, लोक टी-शर्टवर फिरतायत आणि तळ्याचं पाणी मात्र 14 अंश. हे असं का ते आधी बघू, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल उष्णता लागते, एक किलो हवेला त्याच्या पाव हिश्शाइतकीच पुरते, त्यात पाण्याची घनता हवेच्या आठशेपट, म्हणजे एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला तेवढ्याच हवेच्या जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता ओतावी लागते. म्हणून हवा चार दिवसांत पालटते आणि तळं आठवडेच्या आठवडे मागे रेंगाळतं. शिवाय ऊन तापवतं तो मुख्यतः वरचा थर, जरा वारा सुटला की खालचं गार पाणी त्यात मिसळतं, त्यामुळे काठावर हात बुडवून "ठीक आहे की" म्हणण्यात काही अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही हे धरलेलं आहे, तापमान 60 सेंटीमीटर खोलीवर, कोर्सवर एकापेक्षा जास्त ठिकाणी, रेसच्या तासभर आधी मोजतात आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा अधिकृत मानतात.

आता मुख्य गोष्ट. हिवाळाभर बहुतेक लोक ट्रेनिंग करतात ते घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचं स्टँड) आणि 27-28 अंशांच्या गरम पूलमध्ये. हृदय तयार, फुप्फुसं तयार, मांड्या तयार. पण त्वचा, बोटं आणि गार पाण्यातला श्वास याच्याकडे त्या चार-पाच महिन्यांत कोणी फिरकलेलंच नसतं, आणि पहिली रेस नेमकी यांचीच परीक्षा घेते. ट्रेनिंग प्लॅन बघितले तर वॅट्स (सायकलवर लावलेली ताकद) आणि पेस (वेग) यांवर पानंच्या पानं असतात आणि गार पाण्यावर एखादी ओळ, आणि मला हे मनापासून खटकतं, कारण यातली एक गोष्ट थेट जिवाशी संबंधित आहे.

ती म्हणजे कोल्ड शॉक. माणूस गार पाण्यात गेला की त्वचेतले थंडीचे सेन्सर एकदम पेटतात आणि मेंदूकडून आपोआप हुकूम सुटतो, छातीभरून एक मोठा श्वास आत ओढला जातो, तुम्हाला हवा असो नसो. या एका हुंदक्यात लिटर-दोन लिटर हवा आत जाऊ शकते, आणि नेमकं त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी जातं. मग श्वास भराभर आणि उथळ चालू होतो, हृदयाचे ठोके उडी मारतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. पूलमध्ये आरामात तीस-चाळीस सेकंद श्वास रोखणाऱ्या माणसाला अशा पाण्यात दहा सेकंदसुद्धा जड जातात. आणि क्रॉल, म्हणजे ट्रायथलॉनमध्ये बहुतेक जण पोहतात ती पद्धत, हा तर श्वास ठरावीक लयीत रोखायचा आणि सोडायचाच खेळ! लोकांना वाटतं हे सगळं बर्फाच्या पाण्यात होत असेल, पण तसं नाही, 10 ते 15 अंशांच्या पाण्यातही ही प्रतिक्रिया जवळजवळ पूर्ण जोरात येते. चांगली बातमी इतकीच की हिचा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत ती बरीचशी ओसरते.

कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी एक सोपा हिशोब लोकप्रिय केला, एक-दहा-एक. अगदी गार पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात अशी साधारण दहा मिनिटं, आणि थंडीने बेशुद्ध व्हायला साधारण एक तास. हे वेटसूट (पोहताना अंगावर चढवायचा रबरी सूट) घातलेल्या स्विमरसाठी नाही, बोटीतून अचानक पाण्यात पडलेल्या माणसासाठी आहे, पण क्रम तोच. सगळे हायपोथर्मियाला, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याला, घाबरतात आणि तो सगळ्यात शेवटी येतो, खरा धोका पहिल्या मिनिटात आहे.

आणि नेमकं या मिनिटात ट्रायथलॉनमध्ये काय चालू असतं बघा. हॉर्न वाजतो, शंभर-दीडशे लोक एकदम पाण्यात उतरतात, कोणाची लाथ कोणाच्या गॉगलला, तोंडावर पाणी उडतंय, आणि अ‍ॅड्रेनॅलिनच्या भरात प्रत्येक जण पहिले शंभर मीटर नको इतक्या जोरात मारतो. चेहरा गार पाण्यात गेला की शरीरात आणखी एक रिफ्लेक्स जागा होतो, डायव्हिंग रिफ्लेक्स, जो हृदयाचे ठोके कमी करायला बघतो. म्हणजे कोल्ड शॉक हृदयाला म्हणतोय पळ आणि चेहऱ्याकडून येणारा संदेश म्हणतोय थांब. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे मायकेल टिप्टन आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजचे मायकेल शॅटॉक यांनी 2012 मध्ये अशी मांडणी केली की या परस्परविरोधी हुकुमांमुळे हृदयाचा ताल बिघडू शकतो, आणि ज्याच्या हृदयात आधीच काही छुपा दोष आहे त्याला ते महागात पडू शकतं.

आकडेही बघू. अमेरिकेतल्या 1985 ते 2016 या काळातल्या ट्रायथलॉनचा एक मोठा अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात मृत्यू आणि वाचवता आलेले कार्डिअ‍ॅक अरेस्ट (हृदय अचानक बंद पडणं) मिळून 135 घटना सापडल्या. त्यातल्या 90 पोहताना झाल्या, म्हणजे दोन तृतीयांश, आणि पोहणं तर वेळेच्या हिशोबाने तिन्हीतलं सगळ्यात छोटं. एकूण प्रमाण लाख स्पर्धकांत पावणेदोनच्या आसपास आहे, म्हणजे खूप कमी आहे, घाबरून खेळ सोडायचं काही कारण नाही. यात बहुसंख्य पुरुष होते आणि सरासरी वय 47 च्या जवळ, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनी पहिल्या रेसआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी असं मी कळकळीने सांगेन. हे सगळे प्रकार गार पाण्यामुळेच झाले असं अभ्यास म्हणत नाही. पण स्विमचा वाटा एवढा का, याचं उत्तर शोधताना पहिल्या काही मिनिटांकडे बघावंच लागतं.

याच्या जोडीला आणखी एक कमी माहीत असलेली गोष्ट, पोहताना फुप्फुसात पाणी होणं. हे बाहेरचं पाणी नाही, शरीरातलंच. पाण्याचा दाब आणि थंडीने आवळलेल्या रक्तवाहिन्या यामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांवरचा दाब वाढतो आणि द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपतो. दम लागणं, छातीत खुळखुळ, खोकला, कधी गुलाबीसर फेस. हे "फिटनेस कमी पडला" म्हणून पुढे रेटायचं नसतं, तिथेच हात वर करून कयाक (मदतीची छोटी होडी) बोलवायची.

मग उपाय काय? दोन आहेत आणि दोन्ही हवेत. पहिला वेटसूट. निओप्रीन म्हणजे वायूचे असंख्य बंद बुडबुडे असलेलं रबर, आणि पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्यामुळे त्वचेबाहेर अडकवलेला वायूच कामाला येतो. वर फुकटचा फायदा म्हणजे तरंगणं, पाय वर उचलले जातात, शरीर आडवं राहतं आणि पाण्याचा विरोध घटतो, 1989 च्या एका नेदरलँड्समधल्या अभ्यासात तो सेकंदाला सव्वा मीटर वेगाला 14 टक्के कमी झालेला दिसला. म्हणूनच जाडीवर 5 मिलीमीटरची मर्यादा आहे आणि पाणी उबदार असलं की वेटसूटला बंदी. उलट 16 अंशांच्या खाली तो सक्तीचा होतो. फक्त वेटसूट विकत घेऊन कपाटात ठेवला आणि रेसच्या दिवशीच पहिल्यांदा चढवला तर गळ्याशी आवळलेली कॉलर आणि कोल्ड शॉक दोन्ही एकदम अंगावर येतात, आणि श्वास नक्की कशाने अडकतोय हेच कळत नाही.

दुसरा उपाय सवय. टिप्टन यांच्या ग्रुपच्या कामातून दिसलेलं आहे की गार पाण्यात तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुडी घेतल्या तरी कोल्ड शॉकचा जोर जवळजवळ निम्मा होतो आणि हा परिणाम महिनोन्महिने थोडाफार टिकतो. मला ही गोष्ट भन्नाट वाटते! पाच-सहा वेळा तीन मिनिटं म्हणजे एकूण वीस मिनिटंसुद्धा नाहीत, एवढ्या वेळात सायकलवर तुमचे दोन वॅट वाढणार नाहीत आणि इथे रेसमधला सगळ्यात धोकादायक भाग अर्धा होतो. अट एकच, एकट्याने जायचं नाही, काठावर कोणीतरी हवंच, आणि सूर मारायचा नाही, चालत आत जायचं. रेसच्या दिवशीही स्टार्टआधी पाण्यात उतरू देत असतील तर उतरावं, चेहऱ्यावर पाणी मारावं, कॉलर ओढून थोडं पाणी आत घ्यावं, श्वास शांत होईपर्यंत थांबावं आणि मग लगेच स्टार्टला यावं. काठावर ओल्या अंगाने वीस मिनिटं कुडकुडत उभं राहिलं तर सगळं मुसळ केरात.

पाण्यातून बाहेर आल्यावर टी-वन, म्हणजे पहिलं ट्रान्झिशन, पोहणं संपवून सायकलवर जायची तयारी. इथे बोटं दगा देतात. शरीर गाभा गरम ठेवण्यासाठी हातापायांचं रक्त तोडतं, बोटांच्या त्वचेचं तापमान 15 अंशांच्या आसपास आलं की स्पर्शाचं कळणं आणि बारीक हालचाल दोन्ही झपाट्याने बिघडतात, मज्जातंतूंतून संदेश हळू जातात, स्नायू आखडतात. हेल्मेटचा बकल घ्या. घरी तो एका हाताने क्लिक होतो. इथे दोन्ही हातांचे अंगठे हनुवटीखाली चाचपडतायत, प्लास्टिकची जीभ खाचेत बसली का नाही हे बोटांना समजतच नाही, कान क्लिक ऐकायला बघतायत आणि बकल लागल्याशिवाय सायकलला हात लावायला नियमाने परवानगी नाही. मिनिट-मिनिट जातं यात. मोठी झिप, मोठ्या लूपचे मोजे, एनर्जी जेलची पाकिटं आधीच थोडी फाडून ठेवणं, या गोष्टी म्हणून महत्त्वाच्या.

आणि सायकलवर बसलं की थंडी संपली असं वाटतं, तेही चूक. पाण्यातून निघाल्यावरही गाभ्याचं तापमान काही वेळ उतरतच राहतं, कारण बाहेरचे गार थर आतली उष्णता ओढत असतात आणि हातापायांतलं गार रक्त परत फिरतं, याला आफ्टरड्रॉप म्हणतात. त्यात ओल्या कपड्यातलं प्रत्येक ग्रॅम पाणी वाळताना अंदाजे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं आणि ताशी 30 किलोमीटरचा वारा हे काम भराभर उरकतो. एक पातळ जॅकेट आणि ग्लोव्ह्ज घालायला लागणारे तीस सेकंद पुढच्या 20 किंवा 40 किलोमीटरवर सहज वसूल होतात, आणि मुख्य म्हणजे ब्रेक दाबता येतो.

सायकलचा स्पीड कमी दिसला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका. हवेची घनता तापमानावर अवलंबून असते, 30 अंशांच्या हवेपेक्षा 5 अंशांची हवा सुमारे 9 टक्के जास्त घन असते, आणि सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. म्हणजे तेच वॅट्स आणि कमी वेग. टायरचं प्रेशरही थंडीत उतरतं, आदल्या संध्याकाळी गरम खोलीत भरलेली हवा सकाळी बाहेर परत चेक करावी.

रनबद्दल फार लांबवत नाही. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात ते सगळ्यांचेच होतात, तासभर गोल फिरवायची सवय लागलेल्या स्नायूंना मेंदूकडून नवीन पॅटर्न मिळायला वेळ लागतो, आणि सायकलनंतरचं धावणं ताज्या पायांनी धावण्यापेक्षा थोडी जास्त ऊर्जा खातं. सरावाने हा फरक कमी होतो, म्हणून ब्रिक वर्कआउट, सायकल संपली की लगेच दहा-पंधरा मिनिटं पळायचं. पहिल्या रेसमध्ये पावलं बधिर असतात ही जादाची भर, पाय कुठे पडतोय ते नीट जाणवत नाही, पहिला किलोमीटर छोटी पावलं टाकत जावं.

ज्यांनी हिवाळ्यात मोठी सुट्टी घेतली त्यांच्यासाठी एक जुना अभ्यास, एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांचा, 1984 चा. चांगल्या तयारीच्या खेळाडूंनी ट्रेनिंग पूर्ण बंद केलं तेव्हा ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत 7 टक्के घसरली आणि 56 दिवसांनंतर 16 टक्के खाली येऊन थांबली. पण स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं जवळजवळ तसंच राहिलं. म्हणजे वर्षानुवर्षांची कमाई एका हिवाळ्यात जात नाही, सुरुवातीला घसरतं ते मुख्यतः हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त, आणि तेही ट्रेनिंग परत चालू केलं की सुधारतं.

शेवटी उलटा धोकाही सांगायलाच हवा. कधीकधी पहिल्या रेसलाच अवचित 28-30 अंश ऊन पडतं आणि हिवाळाभर गारठ्यात पळालेलं शरीर उष्णतेला अजिबात सरावलेलं नसतं. घाम लवकर सुटणं, रक्तातल्या प्लाझ्माचं (द्रव भागाचं) प्रमाण वाढणं, त्याच वेगाला ठोके कमी राहणं, हे बदल व्हायला उन्हात 10 ते 14 दिवस व्यायाम लागतो आणि हवामानाचा अंदाज तर फार तर तीन-चार दिवस आधी कळतो, तेवढ्यात काही होत नाही. अशा दिवशी सकाळी पाण्यात कुडकुडणारा माणूस दोन तासांनी रनवर उष्णतेने भोवंडून बसू शकतो. त्यामुळे अंदाज तसा असेल तर ठरवलेला पेस आदल्या रात्रीच खाली आणावा, सायकलवर असतानाच प्यायला सुरुवात करावी आणि रनमध्ये घड्याळातल्या पेसऐवजी ठोक्यांवर नजर ठेवावी.