कुत्र्याचे पिल्लू : घराची तयारी व संगोपन

कुत्र्याचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी घरात करावयाचे फेरफार आणि ते आल्यापासून साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याचा आहार, लसीकरण, स्वच्छता व वळण यांची घ्यावयाची काळजी, एवढा या नोंदीचा आवाका आहे. गावाकडे याचा वेगळा विचार करण्याची वेळ सहसा आली नाही. कुत्री वळचणीला व्यायची, पिल्ले अंगणात वाढायची, त्यांतले एखादे घरी राहायचे, बाकीची वाड्यावस्त्यांवर जायची. किती जोरात चावायचे आणि शी कुठे करायची, हे आई आणि भावंडेच शिकवत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे आलेल्या पिल्लाला यातले काही मिळत नाही. आईचे ते काम तिथे माणसाला करावे लागते. अर्थात मोकळ्यावरच्या वाढीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांवरील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचांपैकी जेमतेम एक पिल्लू सात महिन्यांचे होईपर्यंत जगल्याचे आढळले, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना माणूस कारणीभूत होता.

वाढीचे टप्पे : पिल्लू जन्मतः आंधळे व बहिरे असते. डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, कान तिसऱ्या आठवड्यात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दुधाचे २८ दात येतात. चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून त्यांच्या जागी कायमचे ४२ येतात. चपला, पायपुसणी आणि सोफ्याचे कोपरे यांचा फडशा पडतो तो नेमका याच काळात. हिरड्या शिवशिवत असतात, त्यात खोडसाळपणा नसतो.

स्वभाव घडण्याचा काळ मात्र याच्या कितीतरी आधी येऊन जातो. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्लांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात येते ते त्याला आपले वाटते. ही मुदत उलटेपर्यंत ज्याने माणूस पाहिलाच नाही, ते पिल्लू पुढे माणसाला बुजते. याच काळाच्या पूर्वार्धात भावंडांशी खेळताना ते चावा आवरायला शिकते. जोरात चावले की भावंड केकाटते आणि खेळ मोडतो. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, असे पशुवैद्य सांगतात. भारतात श्वान-पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या नियमांनीही त्याआधी पिल्लू विकण्यास मनाई केली आहे. तरीही दीड महिन्याचीसुद्धा न झालेली पिल्ले विकली जातात, कारण त्या वयात ती सर्वांत गोजिरवाणी दिसतात. विकणारा आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर तिथून पिल्लू न घेणेच बरे.

जातीच्या निवडीबद्दल थोडक्यात इतकेच, की बर्फाळ प्रदेशासाठी घडलेल्या हस्की किंवा सेंट बर्नार्डला विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ठेवणे हा त्या जनावराचा छळ आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. लातूर-सोलापूर भागातला कारवानी हवामानाला पक्का असतो, पण त्याला पळायला रान लागते. रस्त्यावरचे गावठी पिल्लू फ्लॅटमध्येही सहज रुळते. मात्र तेही आईचे दूध तुटण्याआधी उचलू नये.

घराची तयारी : घर एकदा जमिनीपासून वीतभर उंचीवरून पाहावे लागते. त्या उंचीवर मोबाइल चार्जरच्या वायरी, डासांच्या औषधाची प्लगला लावलेली बाटली, सिंकखालचे फिनेल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, झुरळांचा खडू आणि उंदराचे औषध असते. ही सगळी विषे आहेत. उंदराच्या औषधाचे परिणाम पुष्कळदा काही दिवसांनी, अंगातल्या अंगात रक्तस्राव सुरू झाल्यावर कळतात. म्हणून पाकीट कुरतडलेले दिसले की लक्षणांची वाट न पाहता, पाकिटासकट दवाखाना गाठावा. देवघर जमिनीलगत असेल तर कापूर, निरांजन आणि समई वर हलवावी लागते. कुंड्यांपैकी कण्हेर, सायकस आणि डिफेनबॅकिया पिल्लाच्या तोंडी लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. यांतली कण्हेर हृदयावर आणि सायकस यकृतावर घाला घालते. माणसांची औषधेही आवाक्याबाहेर हवीत. तापावरची पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची आयबुप्रोफेन पिल्लाला कुणी मायेने दिली, तरी ती जिवावर बेतू शकते.

सहसा कुणाच्या लक्षात न येणारी अडचण फरशीची असते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष पुष्कळदा असतो, त्यात ही रोजची घसरण भर घालते. पिल्लाच्या नेहमीच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी चटया अंथरल्या तरी पुष्कळ फरक पडतो. गॅलरीच्या गजांतून पिल्लाचे डोके जाते, आणि डोके गेले की अंगही जाते. त्यामुळे तिथे जाळी हवी.

पिल्लासाठी एक कोपरा ठरवावा. तो घरच्यांच्या वावरात असावा, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नसावा. तिथे अंथरूण आणि पाण्याचे जड, सहज न कलंडणारे भांडे ठेवावे. पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपते, आणि ती झोप मोडणे हा घरातल्या मुलांचा पहिला उद्योग असतो. झोपलेल्या आणि जेवणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही, हा नियम ते घरी येण्याआधीच मुलांना सांगून ठेवावा. गॅलरी ही पिल्लाची जागा नव्हे. तिथे दुपारी ऊन असते, रात्री एकटेपणा असतो.

पहिल्या रात्री पिल्लू रडते. ‘रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल’ हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. ते गप्प होते हे खरे, पण ती सवय नसते, ते हरलेले असते. सुरुवातीच्या रात्री अंथरूण माणसांच्या पलंगाशेजारी ठेवावे आणि मग हळूहळू ठरलेल्या कोपऱ्याकडे सरकवत न्यावे.

आहार : मराठी घरांत पिल्लाच्या वाट्याला दूध-पोळी येते. पोळीला फारसे वावगे म्हणता येणार नाही. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर जगला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. अडचण प्रथिनांची आहे. वाढत्या पिल्लाच्या अन्नात, पाणी वगळून उरणाऱ्या वजनाच्या सुमारे २२ टक्के प्रथिने हवीत. पोळीत त्याच्या निम्मीच मिळतात, आणि वरचे दूध ही तूट भरून काढत नाही. शिवाय कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक आणि दुग्धशर्करा कमी असते. आईचे दूध सुटल्यावर ही शर्करा पचवण्याची पिल्लाची ताकद आणखी घटते. घरी आल्यावर पिल्लाला ‘पाणी बदलल्यामुळे’ जुलाब झाले असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा वाटीभर दुधाचा हात असतो. ताजे दही तुलनेने पचते.

पहिले आठ-दहा दिवस पिल्लू आधी जे खात होते तेच द्यावे आणि बदल थोडा थोडा करावा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा असा क्रम ठेवतात. पिल्लांसाठीचे तयार कोरडे खाद्य सोपे पडते, पण महाग असते. घरच्या स्वयंपाकातून द्यायचे तर भात, बिनहाडाची शिजवलेली कोंबडी किंवा उकडलेले अंडे, थोडा भोपळा-गाजर अशी सांगड घालता येते. कॅल्शियमचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो डॉक्टरांकडूनच सोडवून घ्यावा. तयार खाद्यात कॅल्शियम पुरेसे असते. त्यावर पुन्हा कॅल्शियमचे टॉनिक पाजण्याची जी हौस आहे, ती मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडे बिघडवते. पूर्ण शाकाहारी घरांनी आपल्या पिल्लाचा आहार पशुवैद्याला दाखवल्याशिवाय ठरवू नये.

कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. म्हणजे घरातली बहुतेक भाजी-आमटी बादच. द्राक्षे, मनुका व बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, त्यामुळे प्रसादाचा शिराही पिल्लाच्या पुढ्यात ठेवू नये. चॉकलेट आणि शुगर-फ्री गोळ्यांतले झायलिटॉल हीदेखील विषेच. शिजवलेल्या हाडांच्या टोकदार कपच्या उडतात आणि आतड्यात रुततात.

लसीकरण आणि जगाची ओळख : पिल्लाच्या संगोपनातला खरा पेच इथे आहे. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिकारद्रव्ये मिळतात ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, सहाव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत कधीही. म्हणूनच डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य कावीळ या विषाणूजन्य रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा देतात, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचा किंवा त्यानंतरचा असतो. ‘दोन इंजेक्शने झाली, आता झाले’ हा समज म्हणून महागात पडतो. लेप्टोस्पायरोसिसची लस त्यातच किंवा वेगळी देतात. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या या रोगाची लस पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या शहरांत टाळू नये. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे एक वर्षाने आणि मग वेळापत्रकाप्रमाणे.

पार्व्हो १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पोचला. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि उपचार मिळाले नाहीत तर काही दिवसांत मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. हा विषाणू घरात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनेलने तो मरत नाही, पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने मरतो. ज्या घरात पिल्लू पार्व्होने गेले, तिथे लशी पूर्ण झाल्याशिवाय दुसरे आणू नये. या भीतीमुळे डॉक्टर सांगतात, की सर्व लशी होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका. पण लशी पूर्ण होतात तोवर पिल्लू चार महिन्यांचे झालेले असते आणि ओळखीचे दार जवळजवळ मिटलेले असते. पार्व्होतून वाचलेले पिल्लू पुढे रिक्षाला, छत्रीला, पाहुण्याला घाबरून चावणारे कुत्रे झाले, तर तेही अखेर रस्त्यावर सोडले जाते. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ मध्ये असे मत मांडले, की पहिल्या लशीनंतर आठवड्याभराने, सात-आठ आठवड्यांच्या वयापासून पिल्लाची बाहेरच्या जगाशी ओळख सुरू करावी. आपल्याकडे मोकाट कुत्री सर्वत्र असल्याने ते जसेच्या तसे उचलता येत नाही, पण मधली वाट आहे. पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर किंवा पिशवीत घेऊन मंडईजवळ, बसथांब्यावर, शाळा सुटताना गेटपाशी उभे राहावे. लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याशी घरात गाठ घालून द्यावी. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, सगळे खाऊच्या सोबतीने दाखवावे. ढोल-ताशे आणि फटाक्यांचे आवाज आधी मोबाइलवर अगदी हळू ऐकवत न्यावेत. पिल्लू अंग चोरू लागले की थांबायचे. धीट करण्यासाठी भीतीत ढकलण्याचा उपाय उलटतो.

शी-शूचे वळण : झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, या तीन वेळा सांभाळल्या तर अर्धे काम होते. वयाच्या प्रत्येक महिन्यामागे साधारण एक तास, एवढाच वेळ पिल्लू कळ काढू शकते. त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्रीही उठून न्यावे लागते. ठरलेल्या जागी काम उरकले की तत्क्षणी शाबासकी द्यावी. घरात केले तर ओरडू नये, नाक तर मुळीच घासू नये. त्याने पिल्लू एवढेच शिकते, की माणसासमोर शू करायची नाही, आणि मग ते पलंगाखाली जाते. अमोनिया असलेल्या द्रवाने फरशी पुसली तर तो वास लघवीसारखाच लागून पिल्लू तिथेच परतते.

चावणे : दात लागले की हात सैल सोडून खेळ थांबवावा आणि तोंडात चघळायचे खेळणे द्यावे. इथे एका समजाचा समाचार घेणे भाग आहे. ‘पिल्लूच तर आहे, याच्या चावण्याने काय होतंय’ असे म्हणत बोचकारे अंगावर काढले जातात. पण पिल्लांनाही रेबीज होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लस न झालेल्या किंवा नुकत्याच रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात अथवा नख लागून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद, चुना, तिखट लावू नये.

परजीवी : गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. फुगलेले पोट हे गुटगुटीतपणाचे नव्हे, बहुधा जंतांचेच लक्षण. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा वजनाप्रमाणे जंताचे औषध देतात. हे जंत मुलांनाही होतात. गोचीड आपल्याकडे बारमाही असते आणि तिच्यातून येणारा ताप रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) पार खाली आणतो. रोज संध्याकाळी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवून पाहावे. गोचिडीवर रॉकेल ओतण्याचा घरगुती उपाय करू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.

कायदा व उपचारांची सोय : भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्ट नाकारता येत नाही. मात्र रस्त्यावरची शी उचलणे आणि कुत्र्याला पट्ट्याने धरणे हे पाळणाऱ्याकडून अपेक्षित आहे. पुणे-मुंबईसारख्या महानगरपालिका कुत्र्यासाठी परवाना मागतात, त्यासाठी रेबीज लशीचा दाखला लागतो. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आले आहे. ग्रामीण भागात तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींसाठी असला, तरी तिथे कुत्र्याचीही तपासणी होते. लशी मात्र आधी फोन करून विचाराव्यात, कारण त्या थंड साखळीत, म्हणजे कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत सतत थंड, ठेवलेल्या नसतील तर टोचूनही उपयोग होत नाही.