हेल्प मी (जोनी मिचेल यांचे गीत)

कॅनडात जन्मलेल्या गायिका-गीतकार जोनी मिचेल (जन्म १९४३) यांचे १९७४ मधील सिंगल, म्हणजे अल्बमपासून सुटे काढलेले गाणे. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रणाची सूत्रे त्यांच्याच हाती होती. ‘कोर्ट अँड स्पार्क’ या अल्बममधले हे गाणे असायलम रेकॉर्ड्सने काढले. नको तितक्या वेगाने प्रेमात ओढली जाणारी आणि दोघांनाही प्रेमाहून मोकळीक प्यारी आहे हे पुरते ओळखून असलेली स्त्री त्यात बोलते.

मिचेल यांची सुरुवात लोकगीतांच्या वळणाच्या, गिटारवर एकटीने गायलेल्या गाण्यांनी झाली. नवव्या वर्षी पोलिओ झाल्याने त्यांच्या डाव्या हातात जोर कमी राहिला. नेहमीचे स्वरसंघात (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) धरण्याचा ताण टाळण्यासाठी त्या गिटारच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत मिळवू लागल्या आणि त्यातून त्यांना अनोखे स्वरसंघात सापडले. मिरजकरांना ही रीत परकी वाटणार नाही. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याची पहिली तारही रागाप्रमाणे पंचमात, मध्यमात किंवा निषादात लावतात. फरक असा, की तंबोरा एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतो. मिचेल यांची गिटार मात्र गायकीच्या पायाखालची जमीन सतत बदलत राहते.

रॉकमधल्या वादकांना हे बदल आणि त्यातली लय नीट सापडेना. त्यांच्यातल्याच एकाने जॅझवाले वादक घ्या असे सुचवल्याचे मिचेल यांनी सांगितले आहे. मग सॅक्सोफोनवादक टॉम स्कॉट यांचा ‘एल. ए. एक्स्प्रेस’ हा ताफा आला. १९७३ मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. ध्वनियोजक हेन्री लुई होते. ड्रमवर जॉन गेरिन आहेत, आणि गाण्याचा खरा जीव त्यांच्या हातात आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते नुसता ठेका धरून बसत नाहीत. आवाज जिथे रेंगाळतो तिथे ते जागा सोडतात, तो झेपावला की लगेच सोबत येतात. मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभांत ज्यांचा कान तयार झाला, त्यांना ही सोबत चटकन कळेल. मिचेलही मात्रेच्या अलीकडे-पलीकडे शब्द टाकत जातात. तरीही याला निखळ जॅझ म्हणता येत नाही. साडेतीन मिनिटांच्या आतच आटोपणाऱ्या या गाण्यात लांबलचक उपज नाही; जॅझचा रंग स्वरसंघातांत, वाद्यमेळात आणि लयीच्या सैलपणात आहे.

अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत गाणे सातव्या क्रमांकावर पोचले. पहिल्या दहांत गेलेले मिचेल यांचे हे एकमेव सिंगल. इझी लिसनिंगच्या, म्हणजे सौम्य, कानाला हलक्या वाटणाऱ्या गाण्यांच्या यादीत ते पहिले आले. अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ या ग्रॅमी पुरस्कारासाठी गाण्याला नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र दुसऱ्या गाण्याला गेला.

त्याच वर्षी मिचेल ‘एल. ए. एक्स्प्रेस’बरोबर दौऱ्यावर गेल्या आणि त्यातून ‘माइल्स ऑफ आइल्स’ हा मैफिलींचा अल्बम निघाला. या यशाची नक्कल करत बसण्याऐवजी त्या जॅझमध्ये अधिक खोल उतरल्या. १९७९ मध्ये त्यांनी जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस यांच्या चालींवर शब्द लिहून अल्बम केला. १९८७ मध्ये गायक प्रिन्स यांनी ‘द बॅलड ऑफ डोरोथी पार्कर’ या आपल्या गाण्यात ‘हेल्प मी’ची ओळ गुंफली.