मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी शिरेवाटे औषध : येण्याआधी हे वाचा

नागीण सुकून महिने उलटले तरी कातडीची आग होते. मधुमेहात रात्री तळपायांना करंट मारल्यासारखं होतं. प्लास्टर काढल्यावरही हात सुजलेला राहतो, कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. अशा दुखण्यावर आधी गोळ्याच : अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन. त्या पुरेशा मात्रेत घेऊनही गुण आला नाही किंवा सोसल्या नाहीत, तरच आम्ही शिरेवाटे औषधाचा विचार करतो. ‘गोळ्या नकोत, थेट सलाईनच लावा’ म्हणणाऱ्यांनाही आमचं उत्तर हेच.

ही ताकदीची सलाईन नव्हे. तिच्यातून लिग्नोकेन किंवा केटामाइन दिलं जातं.

लिग्नोकेन

दात काढताना हिरडीत टोचतात तेच औषध. शिरेतून मोजून दिलं की उगाच संदेश सोडत राहणाऱ्या नसा शांत होतात. मात्रा वजनावर ठरते, साधारण किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, आणि ती पंपाने अर्ध्या ते एका तासात जाते. ओठांभोवती बधिरपणा, जिभेवर धातूची चव, कानात गुणगुण किंवा गरगरणं सुरू झालं, तर लगेच सिस्टरना सांगा. पंप हळू करता किंवा थांबवता येतो. ‘थोडं सोसू’ म्हणून गप्प बसू नका. औषध रक्तात फार वाढलं तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणूनच ईसीजीचा मॉनिटर पूर्ण वेळ लावलेला असतो.

केटामाइन

१९७०पासून भुलीसाठी वापरात असलेलं औषध, इथे त्याहून बरीच कमी मात्रा. तरंगल्यासारखं वाटणं, भास, मळमळ, रक्तदाब वाढणं असं होऊ शकतं. औषध उतरलं की हे सहसा ओसरतं. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत असल्याने कागदपत्रं थोडी जास्त होतील.

हृदयविकार, मिरगी, यकृताचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मानसिक आजार किंवा गर्भधारणा असेल तर आधीच सांगा. चालू औषधांची चिठ्ठी आणा, आयुर्वेदिक असली तरी.

सहा तास आधी जेवण बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. सोबत घरचं कोणीतरी हवंच, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही.

गुण किती येईल? काहींना काही आठवडे, काहींना काही तास, काहींना अजिबात नाही. दुखणं मुळापासून जाईल असं आम्ही सांगत नाही. अमेरिकेतल्या वेदना आणि भूल तज्ज्ञांच्या संघटनांनी केटामाइनबद्दल २०१८मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनीही पुरावा फार भक्कम मानलेला नाही. म्हणून आम्ही पाच-दहा वेळांचं पॅकेज विकत नाही. पहिल्या वेळेनंतर रोज वहीत लिहा : दुखणं दहापैकी किती, झोप किती लागली, जिना चढलात का. ती वही पाहूनच पुढचं ठरतं, आणि कधीकधी ‘आता नको’ असंही ठरतं.

मेडिक्लेम असेल तर खर्च मिळेल असं गृहीत धरू नका. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेकडून) लेखी होकार घ्या, मगच तारीख ठरवू.