आकडा एका घराने हुकतो तेव्हा

मुंबईत जुगाराची चर्चा बहुधा नैतिकतेच्या अंगाने होते. जुगार खेळणारा माणूस आळशी, लोभी किंवा कमकुवत मनाचा असतो, असे गृहीत धरले जाते आणि घरचे लोक त्याला शपथा घालतात. गेल्या काही दशकांतील मेंदूविज्ञानाने समोर आणलेले चित्र मात्र वेगळे आहे. ते समजून घेतले, तर मदत नेमकी केव्हा घ्यायची हेही कळू लागते.

सुरुवात साध्या गणितापासून करू. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या पैजांतून मुंबईत आकड्यांचा जुगार रुजला आणि १९६० च्या दशकात कल्याणजी भगत व रतन खत्री या आकड्यांचा धंदा चालवणाऱ्यांच्या काळात त्याचा मटका झाला. मटक्यात शून्य ते नऊपैकी एक आकडा लावायचा असतो. लागल्यास एकास नऊ असा भाव धरला, तर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे खेळणाऱ्याच्या हाती दीर्घकाळात सरासरी नव्वदच परत येतात. एवढे बहुतेकांना पटते. फसगत पुढे होते. दहात एक शक्यता आहे म्हणजे दहा वेळा लावल्यावर एकदा तरी आकडा लागणारच, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात सलग दहाही वेळा आकडा न लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते, कारण आधीच्या निकालांची आठवण खेळणाऱ्याला असली तरी आकड्यांना नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चक्राचा, चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला आणि 'आता लाल येणारच' या खात्रीने लोक अधिकाधिक पैसे लावत बुडाले.

दुप्पट लावून नुकसान भरून काढण्याचा बेतही असाच फसवा आहे. दहा रुपयांपासून सुरुवात करून प्रत्येक हारीनंतर रक्कम दुप्पट केली, तर दहा हारींनंतर १०,२३० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या डावाला १०,२४० रुपये लागतात.

हे गणित समजावून सांगितल्यावरही माणूस का थांबत नाही, हा खरा प्रश्न आहे. उत्तराचा एक भाग डोपामिन या मेंदूतील रसायनात सापडतो. डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, असे सर्रास म्हटले जाते, पण मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून त्याचे काम अधिक नेमकेपणाने पुढे आले. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की डोपामिनच्या पेशी जोराने संदेश देतात, अपेक्षेइतकेच मिळाले तर त्या फारशा हलत नाहीत आणि अपेक्षित बक्षीस चुकले तर त्या मंदावतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या संशोधनात असेही दिसले की, निकालाची वाट पाहण्याच्या काळात बक्षीस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, म्हणजे अनिश्चितता सर्वाधिक असली, की या पेशींची हालचाल सर्वाधिक असते. ठरलेल्या तारखेला येणारा पगार मेंदूला एवढा खिळवून ठेवत नाही, पण जुगारात प्रत्येक डाव अनिश्चित असल्याने ही व्यवस्था सतत जागती राहते.

त्याहून घातक असतो तो थोडक्यात हुकलेला डाव. मटक्यात चार-सात अशी दोन आकड्यांची जोडी लावली, ओपनला म्हणजे पहिल्या निकालाला चार आला आणि क्लोजला म्हणजे दुसऱ्या निकालाला सहा आला, तर गणिताच्या दृष्टीने ती सरळ हार आहे. क्लोजला एक आला असता तरी पैसे तेवढेच गेले असते. खेळणारा मात्र 'एका घराने हुकला' असे म्हणतो आणि पुढच्या डावासाठी अधिक उत्सुक होतो. संशोधक ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूच्या स्कॅनमधून दाखवले की, असे हुकलेले डाव जिंकल्यावर जागे होणाऱ्या भागांनाच काही प्रमाणात चेतवतात आणि ते अप्रिय वाटत असूनही खेळण्याची इच्छा वाढवतात. हार पत्करूनही मेंदूला 'जवळ आलो' असा निरोप जातो. माझ्या मते, घरच्यांनी रागावण्याआधी ही एक गोष्ट तरी नीट समजून घ्यावी.

जबाबदारीने खेळायचे तर मर्यादा खेळ सुरू होण्याआधी ठरवावी लागते, कारण डावात गुंतलेला मेंदू ती ठरवू शकत नाही. गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम बाजूला काढावी, वेळही ठरवावी, उसने पैसे घेऊन किंवा दारू पिऊन खेळू नये आणि मुख्य म्हणजे गेलेले पैसे काढण्यासाठी पुन्हा बसू नये. राज्याची लॉटरी किंवा महालक्ष्मीची रेस यांना हे नियम लावता येतात. मटका मात्र बेकायदेशीर आहे आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे. फसवणूक झाली तर दाद मागायला जागा नसलेल्या अशा खेळाला जबाबदार मार्ग असतो, असे मी म्हणणार नाही. शेअर बाजारातील फ्यूचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावांवरचे सौदे, कायदेशीर आहेत, पण बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथे वैयक्तिक सौदे करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. लोकलमधून उतरेपर्यंत मोबाइलवर चार सौदे उरकणाऱ्याने आपली नोंद एकदा त्या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराच्या विकाराचा समावेश दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर केला. निदानासाठीच्या नऊ लक्षणांपैकी चार किंवा अधिक वर्षभरात दिसली, तर विकार मानला जातो. रक्कम वाढवत नेल्याशिवाय मजा न येणे, थांबल्यावर चिडचिड होणे, मन उदास असताना खेळाकडे वळणे, हरलेले काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी परत जाणे, इतरांकडून पैसे मागावे लागणे ही त्यांतली काही. किती पैसे गेले, हा निकष त्यात नाही, हे लक्षात घ्यायला हवे. पहिली चाचपणी तर दोनच प्रश्नांनी करता येते: अधिकाधिक पैसे लावण्याची गरज कधी वाटली का, आणि किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? यातल्या एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर डॉक्टरांशी बोलावे.

केंद्र सरकारच्या टेली-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जीव द्यावासा वाटत असेल, तर मात्र वाट न पाहता त्या माणसाला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे. उपचारांत विचारांची फसगत ओळखून ती बदलायला शिकवणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा आधार मोठा आहे आणि काहींना नाल्ट्रेक्सोनसारखे औषधही दिले जाते. घरच्यांनी कर्ज परस्पर फेडून टाकण्यापेक्षा खेळणाऱ्याचे पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती सोपवणे अधिक उपयोगी ठरते. तपासणीला जाताना बँकेच्या नोंदी आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी, कारण पार्किन्सन्सच्या आजारात दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे डोपामिनचीच नक्कल करतात आणि कधीही पत्त्यांना हात न लावलेल्या काही रुग्णांत जुगाराची ओढ निर्माण करतात. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यावे लागते.